शेठ येईल आणि सगळं ठीक करेल

आमच्या घरच्या ग्रुपवर फुटबॉलवरून भांडण पेटतं ते साधारण नेरुळच्या रात्री साडेअकराला, म्हणजे माझ्याकडे संध्याकाळचे सात, मी नुकती कामावरून येऊन कुकर लावलेला असतो आणि शिट्ट्या मोजू की दादाचे मेसेज वाचू असं होतं. मी इंग्लंडमध्ये राहते त्या गावाचं स्पेलिंग (Bury) बघून कोणीही ब्यूरी वाचेल, इथले लोक म्हणतात बेरी, आणि दादा गेली आठ वर्षं मुद्दाम बरी म्हणतो. "काय गं, बरीत बरी आहेस ना?" हा जोक पहिल्यांदा पण चांगला नव्हता.

दादा मँचेस्टर सिटीवाला. मी सिटीपासून ट्रामने अर्ध्या तासावर राहते आणि आठ वर्षांत एकदाही त्यांच्या मॅचला गेले नाही हे त्याच्या दृष्टीने पाप आहे. तर परवा त्याने टाकलं की इंडियन फुटबॉलला एकच औषध, सिटीला मिळाला तसा अबुधाबीचा तगडा शेठ आला पाहिजे, पैसा ओतला पाहिजे, बाकी फेडरेशन, कोर्ट, नियम सगळा टाइमपास. त्याखाली त्याच्या मित्रांच्या ग्रुपमधला एक स्क्रीनशॉट पण होता, तिथेही सगळ्यांचं हेच मत, शेठ हवा, शेठ हवा. त्यावर बाबांनी, जे एरवी ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग आणि सोसायटीच्या पाण्याची वेळ टाकतात, एक ओळ लिहिली. "शेठ येतो तेव्हा ठीक, जातो तेव्हा चाव्या कोणाकडे देतो ते विचार."

बाबा अकरा वर्षं आमच्या सोसायटीचे खजिनदार होते त्यामुळे त्यांना चाव्या, पावत्या आणि व्हाउचर याच्यापलीकडे जग दिसत नाही असं आई म्हणायची. पण मला त्यांची ती ओळ वाचून एकदम शेजारचे आजोबा आठवले, इथले, बेरीतले.

मी २०१८ च्या पावसाळ्यात इथे आले (इथे कायमच पावसाळा असतो, पण मला म्हणायचंय जूनमध्ये), मँचेस्टरपेक्षा भाडं कमी म्हणून बेरीत घर घेतलं. शेजारी एकटे राहणारे आजोबा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बागेच्या भिंतीवरून विचारलं की फुटबॉल बघतेस का, मी म्हटलं आमच्या घरी सिटी, तर ते असे बघायला लागले जसं मी चप्पल घालून त्यांच्या देवघरात शिरले. त्यांचा क्लब बेरी एफसी. १८८५ सालचा, १८९४ पासून फुटबॉल लीगमध्ये, १९०० आणि १९०३ ला एफए कप, म्हणजे इंग्लंडची जुनी बाद फेरीची स्पर्धा, जिंकलेला, १९०३ ची फायनल ६-० ने. हे सगळं त्यांनी मला तिथेच भिंतीवर हात ठेवून सांगितलं, कालच झाल्यासारखं.

त्याच डिसेंबरात तो क्लब एका धंदेवाल्याने विकत घेतला, स्टीव्ह डेल नाव, एक पौंडाला. एक पौंड म्हणजे तेव्हाचे नव्वद रुपये, नेरुळ स्टेशनबाहेर दोन प्लेट वडापाव आणि चहा. अर्थात एक पौंडाबरोबर कर्जं पण आली, पण आता जो शेठ आला तो कर्ज फेडेल की नाही, त्याच्याकडे पैसे आहेत की नाही, हे लीगने व्यवहार होण्याआधी नीट तपासलंच नाही. कागद नंतर देतो म्हणाला, ते कागद लीगला पटतील असे कधी आलेच नाहीत. पुढच्या काही महिन्यांत खेळाडूंचे पगार थकले आणि कमाल म्हणजे त्याच पगार थकलेल्या टीमने २०१९ च्या उन्हाळ्याआधी वरच्या डिव्हिजनमध्ये प्रमोशन मिळवलं. मी इथे एका कंपनीत पेरोल बघते, पगार एक दिवस उशिरा पडला तर माझ्या डेस्कवर काय होतं मला माहितीये, घराचा हप्ता असलेली माणसं अशी उभी राहतात की डोळ्यात बघवत नाही. इथे पगार थकलेले आणि पोरं जिंकत होती.

मग जुलैत देणेकऱ्यांपुढे एक प्रस्ताव आला. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये एक विचित्र पद्धत आहे, क्लब बुडाला तर खेळाडू आणि दुसरे क्लब यांचे पैसे पूर्ण द्यायचे, उरलेल्यांना जे जमेल ते. बेरीच्या प्रस्तावात त्या उरलेल्यांना पौंडाला २५ पेन्स होते. उरलेले म्हणजे कोण, तर साधे सप्लायर, दुरुस्तीवाले, असे लोक. २०१० मध्ये पोर्ट्समथ बुडाला तेव्हा थकबाकीच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्स होती, म्हणजे मैदानावर कोणी चक्कर येऊन पडलं तर धावत येणारे स्वयंसेवक, त्यांचेही पैसे क्लबने दिले नव्हते. स्टार फॉरवर्डचा पगार पूर्ण आणि स्ट्रेचर उचलणाऱ्याला चिल्लर. फुटबॉलमधला फेअरनेस म्हटलं की मला आधी ही यादी आठवते, पॉइंट टेबल नाही.

ऑगस्टच्या शेवटी एक नवीन खरेदीदार येतोय अशी बातमी आली आणि २७ तारखेला सकाळी लोक झाडू, बादल्या घेऊन स्टेडियम साफ करायला गेले, पहिली मॅच होईल या आशेने. आजोबा पण गेले, त्या वयात गुडघे टेकून खुर्च्या पुसल्या म्हणाले. आदल्याच आठवड्यात एका माजी संचालिकेने निषेध म्हणून स्टेडियमच्या पाइपाला स्वतःला बेडी घालून घेतली होती. दुपारी खरेदीदार मागे फिरला, रात्री लीगने क्लबला काढून टाकलं. लीगमधली १२५ वर्षं संपली आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी नेहमीच्या वेळी आली.

आजोबांच्या फ्रिजवर अजून त्या सीझनचं तिकीट-कार्ड आहे, चुंबकाखाली, शेजारी डॉक्टरची अपॉइंटमेंट. एकदाही गेटवर टॅप न केलेलं.

आता हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "बँक गॅरंटी घेतली नव्हती?" आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चाललंय, म्हणजे मीटिंगा चालल्यात, बिल्डिंग जिथल्या तिथे गळतेय. तीन बिल्डर येऊन गेले, सगळ्यांनी क्लबहाउस आणि पोडियम गार्डनचे रंगीत फोटो दाखवले, आणि बाबा प्रत्येकाला तेच विचारतात, गॅरंटी किती, भाडं ॲडव्हान्स किती महिन्यांचं, आणि मधेच तू गायब झालास तर आम्ही कुठे जायचं. लोक चिडतात त्यांच्यावर, वहिनी पण म्हणते बाबा जरा ताणतातच, पण ठाण्यात नवी मुंबईत अर्धवट सांगाडे बघत मोठी झालेली आमची पिढी आहे, खिडकीतून एक तरी दिसायचाच, सळया बाहेर आलेला, त्यावर कावळे. त्यातूनच पुढे रेरा आला ना. २०१६ चा कायदा, ग्राहकांकडून घेतलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, त्याच प्रोजेक्टवर खर्च करायचे, दुसरीकडे वळवायचे नाहीत. रेराने सगळं सुधारलं असं कोणी म्हणणार नाही, पण निदान बिल्डरला प्रश्न विचारायची एक खिडकी झाली.

इंग्लंडला फुटबॉलचा रेरा यायला २०२५ चा जुलै उजाडला. फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्ट, त्याखाली स्वतंत्र रेग्युलेटर, वरच्या पाच पातळ्यांवरचे ११६ क्लब त्याच्या लायसन्सखाली येणार, मालकाकडे पैसे आहेत का आणि ते कुठून आले हे तो तपासणार, स्टेडियम विकायचं किंवा हलवायचं तर त्याची परवानगी. बेरी बुडाली आणि मग २०२१ मध्ये सहा मोठ्या इंग्लिश क्लबांनी युरोपातल्या बड्या क्लबांच्याच वेगळ्या सुपर लीगचा घाट घातला, त्या दोन्हीतून पेटलेला राग संसदेपर्यंत जायला एवढी वर्षं लागली. आणि गंमत म्हणा किंवा काय म्हणा, बेरी आता समर्थकांच्या जोरावर पुन्हा आपल्या जुन्या स्टेडियमवर, गिग लेनला खेळते पण पाचव्या पातळीच्याही खूप खाली, म्हणजे ज्यांच्यामुळे कायदा आला तेच त्यात बसत नाहीत. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, चालेल, पाऊस थांबल्यावर छत्री मिळाली तरी पुढच्या पावसाला उपयोगी येते. असं ते म्हणाले इंग्लिशमध्ये, मी मराठीत जरा बरं केलंय.

पण दादाचं म्हणणं मी उडवून लावत नाहीये. तो म्हणतो तुमचे ते आर्थिक नियम म्हणजे जुन्या श्रीमंतांनी नव्या श्रीमंतांच्या तोंडावर लावलेलं कुलूप, आणि यात दम आहे. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, जो नियम इतकी वर्षं चालला त्यात तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०५ मिलियन पौंड तोटा चालतो. २०१३ पासून आकडा तोच, तेवढ्यात एका मिडफिल्डरची किंमत तेवढी झाली. त्याऐवजी आता २०२६-२७ पासून नवीन हिशोब येतोय, टीमवरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत, युरोपातल्या स्पर्धांत खेळणाऱ्यांना युएफाचा, म्हणजे युरोपियन फुटबॉल संघटनेचा, आकडा ७० (रेराचा पण ७०, निव्वळ योगायोग, पण बाबा खूश). आता साधा गुणाकार करा, ज्याची कमाई ६०० त्याला ५१० खर्च करायची मुभा, ज्याची २०० त्याला १७०. म्हणजे पहिल्या दिवशी जेवढं अंतर तेवढं कायद्याने पक्कं. याला समान संधी म्हणायचं तर आमच्या सोसायटीत टू बीएचके आणि वन आरके दोघांनाही "आपल्या ऐपतीप्रमाणे" पार्किंग मिळतं तसं म्हणावं लागेल.

आणि नियमातून पळवाटा कशा काढतात हे बाबांना सांगताना मला फारच मजा आली, कारण माणूस दोन मिनिटांत समजला. मी म्हटलं, समजा खेळाडू १०० ला घेतला आणि पाच वर्षांचा करार केला तर पुस्तकात वर्षाला फक्त २० दाखवतात. बाबा म्हणाले, घसारा. लिफ्टचा दाखवतो तसा. बरोबर. मग चेल्सी क्लबने काय केलं, आठ साडेआठ वर्षांचे करार केले, घसारा पातळ झाला, पुस्तक छान दिसायला लागलं, शेवटी २०२३ च्या डिसेंबरात बाकीच्या क्लबांनी मतदान करून पाच वर्षांची मर्यादा घातली. शिवाय त्याआधीच चेल्सीने आपली दोन हॉटेलं आपल्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीला विकली आणि नफा दाखवला. बाबा थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "म्हणजे मी तुझ्या आईला फ्रिज विकला आणि सोसायटीला सांगितलं कमाई झाली." तंतोतंत.

यातली मला सगळ्यात लागणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत पुस्तकात असते, पण क्लबच्या अकॅडमीत लहानाचा मोठा झालेल्या पोराची किंमत शून्य, म्हणून तो विकला की आलेला सगळा पैसा नफा. त्यामुळे हिशोब जुळत नसेल तर आधी घरचं पोर विकायचं. नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबने ब्रेनन जॉन्सनला विकलं, त्याच शहरात जन्मलेला, त्यांच्याच अकॅडमीचा. ते पण हिशोबाचं वर्ष संपायच्या, म्हणजे जूनअखेरच्या आत न विकता सप्टेंबरला जास्त किमतीला विकलं, म्हणजे एका अर्थाने शहाणपणाच केला, तरी तारीख उलटली म्हणून हिशोबात धरलं नाही आणि २०२४ च्या मार्चमध्ये ४ पॉइंट कापले. खर्चाला लगाम घालायला आणलेला नियम गावातल्या पोरालाच बाजारात उभा करतो, हे ज्यांनी नियम लिहिला त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही.

आणि एव्हर्टन क्लब. त्याच तोट्याच्या नियमात २०२३ च्या नोव्हेंबरात १० पॉइंट कापले, अपिलात ६ झाले, मग एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रकरणात आणखी २, सगळं एका सीझनमध्ये. सिटीवर आर्थिक नियम मोडल्याचे शंभराच्या वर आरोप फेब्रुवारी २०२३ मध्ये लागले, एव्हर्टनच्या आधी, आणि सुनावणी सुरू व्हायलाच सप्टेंबर २०२४ आला. सिटी म्हणते आम्ही काही केलं नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे, आरोप म्हणजे शिक्षा नाही हे मी दादालाही मान्य केलंय. पण एवढी मोठी वकिलांची फौज असली की तारखा मिळतात आणि नसली की निकाल मिळतो, हे बघायला ठाणे कोर्टात जायची गरज नाही. इकडे आल्यावर मला वाटायचं की इथे सगळं नियमाने चालतं, रांगेत उभं राहतात ना लोक. रांग आहे, खरंय, पण काही जणांसाठी बाजूचं दार पण आहे.

तर मग दादा म्हणतो, बघ, तूच म्हणतेस नियम कुचकामी, मग शेठच बरा. इथे आमची गाडी अडते.

कारण आपल्याकडे शेठचा प्रयोग झालाय की. ऑक्टोबर २०१४, डी. वाय. पाटील स्टेडियम, मुंबई सिटीची आयएसएलमधली, म्हणजे इंडियन सुपर लीगमधली, घरच्या मैदानावरची पहिलीच मॅच, समोर पुणे सिटी. मी आणि दादा नेरुळच्या एलपीवरून चालत गेलो होतो, सगळीकडे ढोल, दिवे, सेलिब्रिटी, आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक, ५-० ने जिंकलो, येताना घसा बसलेला. दादा त्या रात्री म्हणाला होता, आता आपलं पण आलं. बरं, त्या हरलेल्या पुणे सिटीचं काय झालं? २०१९ ला बंद. त्यांची जागा उचलून हैदराबादला नेली. हैदराबाद २०२२ ला चॅम्पियन झालं, मग तिथे पगार थकले, खेळाडू सोडून गेले, आणि २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला गेली. एक टीम तीन शहरं फिरली, शिवनेरीने जावी तशी, आणि पुण्यातल्या ज्या पोरांनी ती जर्सी घेतली होती त्यांना कोणी विचारलं पण नाही. महिंद्रा युनायटेड आठवते का कोणाला? कूपरेजला खेळायची, नॅशनल लीग जिंकलेली टीम, २०१० ला कंपनीने ठरवलं बंद, झाली बंद. तिथे दिवाळं पण नव्हतं.

आणि हे शेठ वाईट होते असं मी म्हणत नाहीये. पैसा त्यांचा, कंटाळा आला, गेले. २०१० मध्ये भारतीय फुटबॉल फेडरेशनने सगळे कमर्शियल हक्क एकाच पार्टनरला १५ वर्षांसाठी ७०० कोटींना दिले, तो करार २०२५ च्या डिसेंबरात संपणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर होतं, तरी तारीख जवळ आली तेव्हा पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. सीझन लटकला. बंगळुरूसारख्या क्लबने ऑगस्टमध्ये पगार थांबवले. नवीन टेंडर काढलं तर एकही बोली आली नाही. आणि दादाचा लाडका सिटी ग्रुप, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांचा ग्रुप, ज्याने २०१९ ला मुंबई सिटीचे ६५ टक्के घेतले होते, तो डिसेंबरात आपला हिस्सा सोडून निघून गेला. शेवटी फेब्रुवारी २०२६ मध्ये एक आखूड केलेला सीझन कसाबसा सुरू झाला. म्हणजे दादाला जो शेठ हवा होता तोच शेठ, त्याच अबुधाबीचा, येऊन गेलेला आहे. मी हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

मला काय हवंय ते फार छोटं आहे. कोण किती खर्च करतो, कोणाला ट्रॉफी मिळते, हा वाद चालू दे, तो कधीच संपणार नाही आणि टाइमपासला चांगला आहे. पण क्लब घेणाऱ्याने पुढच्या एक-दोन वर्षांचे पगार आधीच बाजूला काढून ठेवले पाहिजेत, त्याला हात लावता येणार नाही अशा खात्यात, आणि टीम दुसऱ्या शहरात न्यायची तर तिकीट घेतलेल्या लोकांची सही लागली पाहिजे. आपल्याकडे खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा होती आयएसएलमध्ये, जास्त देऊ नका म्हणून. कमीत कमी जे कबूल केलंय ते तरी द्या, याची हमी कुठे होती? वरून झाकण लावलं, भांड्याला खाली भोक.

हे सगळं मी एवढ्या तावातावाने का लिहितेय त्याला घरातलं एक कारण आहे. माझा भाचा, दादाचा मुलगा, अकरा वर्षांचा, गेल्या जूनमध्ये एका अकॅडमीत घातला, नाव घेत नाही. वर्षाची फी एकदम भरली तर डिस्काउंट, दोन किट, बॅग, आणि भिंतीवर एका युरोपियन क्लबचं चिन्ह, ज्याचा यांच्याशी काय संबंध ते कोणाला माहीत नाही. वहिनीने भिशीचे पैसे आले होते ते भरले. सप्टेंबरात एका शनिवारी पोरं गेली तर गेटला कुलूप, ग्राउंडचं भाडं थकलेलं. पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज, "काही अपरिहार्य कारणास्तव", आणि मग ग्रुप ॲडमिन ओन्ली. कोच सरांचे तर त्याआधीच तीन महिने पगार नव्हते. तो मुलगा, पंचवीस-सव्वीसचा असेल, बेलापूरहून बाइकवर यायचा, त्याने पुढच्याच रविवारी सेक्टरमधल्या महापालिकेच्या मैदानात क्रिकेटवाल्यांच्या आधी, सकाळी सहाला, स्वतःचे चार बॉल आणि पाण्याच्या बाटल्यांचे कोन करून पोरांना शिकवायला सुरुवात केली. फी काय द्याल ती. दादाने व्हिडिओ पाठवला होता, मागे अंधार, भाचा हिरव्या बाटलीला वळसा घालून धावतोय आणि सर ओरडतायत, "मान वर, बॉल बघू नको, मान वर!"

तो व्हिडिओ मी आजोबांना दाखवला. त्यांनी दोनदा बघितला आणि विचारलं, या कोचला पैसे कोण देतं? मी म्हटलं, कोणीच नाही नीट. त्यांनी मान हलवली, जसं काही ओळखीच्या गल्लीत आले.

आता भाच्याला दुसरी अकॅडमी बघतायत, खारघरच्या बाजूला. दादाला ती फार आवडली, टर्फ चांगलं आहे, आणि मालक मोठी पार्टी आहे म्हणे. यावेळी बाबा सोबत गेले, सोसायटीची जुनी लाल डायरी घेऊन. त्यांनी त्या माणसाला तीन गोष्टी विचारल्या. ग्राउंडचं ॲग्रीमेंट कोणाच्या नावावर आणि कधीपर्यंत, कोचना गेल्या महिन्याचा पगार किती तारखेला दिला, आणि फी दर महिन्याला घेतली तर चालेल का. तो हसला, म्हणाला काका चहा घ्या, कागद व्हॉट्सॲप करतो.

बाबांनी चहा घेतला. कागद अजून आलेले नाहीत. दादा म्हणतो एवढी चांगली जागा बाबांच्या किरकिरीमुळे जाणार, आणि भाचा रविवारी सकाळी सहाला बाटल्यांभोवतीच धावतोय.